बी जीवनसत्त्वांनी वजन कमी होते का?

‘बी’ हे एकच जीवनसत्त्व नसून आठ जीवनसत्त्वांचा गट आहे: थायमिन (बी1), रायबोफ्लेविन (बी2), नायसिन (बी3), पँटोथेनिक आम्ल (बी5), पायरिडॉक्सिन (बी6), बायोटिन (बी7), फोलेट (बी9) आणि कोबालामिन (बी12). अन्नातून ऊर्जा मिळवणाऱ्या विकरांना यांतील बहुतेकांची मदत लागते.

यावरूनच ‘बी12चे इंजेक्शन घेतले की चरबी जळते’ असा समज पसरला. तो चुकीचा आहे. शरीरात ही जीवनसत्त्वे पुरेशी असतील, तर जास्तीची घेऊन चरबी लवकर घटत नाही. कमतरता असेल तर उपचाराने थकवा जातो, वजन नाही.

डाएट करताना काय बिघडते?

जेवण कमी केले की उष्मांकांबरोबर जीवनसत्त्वेही कमी होतात. प्रौढ व्यक्तीला रोज साधारण 2 ते 2.5 मायक्रोग्रॅम बी12 लागते. शाकाहारी आहारात ते मुख्यतः दूध, दही, ताक, पनीर यांतून मिळते. 200 मिली दुधात ते सुमारे 1 मायक्रोग्रॅम असते. त्यामुळे वजनाच्या भीतीने दूधच बंद करू नये. साय काढलेल्या दुधातही बी12 असते.

यकृतातील साठ्यामुळे कमतरता उशिरा जाणवते. हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसराळूपणा, सततचा थकवा ही तिची लक्षणे आहेत. ‘डाएटमुळे अशक्तपणा आला असेल’ म्हणून ती अंगावर काढू नयेत. उशीर झाल्यास नसांची हानी कायमची राहू शकते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांनी आणि वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने बी12ची तपासणी करावी.

गोळ्या घेण्यापूर्वी

नुसत्या फोलिक आम्लाने रक्तक्षय सुधारतो, पण बी12च्या कमतरतेने होणारी नसांची हानी आतून चालूच राहते. बी6चे मोठे डोस दीर्घकाळ घेतल्यास नसांना इजा होते. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनमुळे थायरॉइडच्या तपासणीचा निकाल चुकू शकतो. तपासणीपूर्वी डॉक्टरांना तसे सांगावे.

सुरक्षित मार्ग

आठवड्याला अर्धा ते एक किलो वजन घटणे पुरेसे आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, पालेभाजी, ताक आणि चालत असल्यास अंडी-मासे अशा जेवणातून बी गटाची बहुतेक गरज भागते. कमी करायचे ते तळलेले, गोड आणि ताटातील प्रमाण. गरोदर व स्तनदा मातांनी स्वतःच्या मनाने डाएट करू नये.