नवी सुई, जुनी जखम

माहिती दिली की माणूस शहाणा होतो, हा माझा जन्मभराचा मास्तरी समज. न्यूयॉर्कची एक हकिकत वाचली आणि तो डळमळला.

१९८०च्या दशकात तिथे हेरॉइन टोचून घेणाऱ्यांत एचआयव्ही झपाट्याने पसरला. त्यांत कृष्णवर्णीय फार. एकच सुई चारचौघांत फिरे. धोका त्यांना कळत नव्हता असं नाही. पण डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय सिरिंज मिळत नसे आणि खिशात सापडली तर पोलीस धरत. मग स्वतःची सुई बाळगणार कोण?

नोव्हेंबर १९८८मध्ये शहराच्या आरोग्य खात्याने जुनी सुई घेऊन नवी देणारं केंद्र उघडलं. कुठे? स्वतःच्या कचेरीत, कोर्टाच्या आणि तुरुंगाच्या शेजारी! गिऱ्हाईक येणार कसं? त्यातून कृष्णवर्णीय पुढारी आणि पाद्रीच विरोधात उभे राहिले. आम्ही व्यसनमुक्तीचे उपचार मागतो आणि तुम्ही हातात सुया ठेवता, हा त्यांचा सवाल. १९९०मध्ये शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर डेव्हिड डिंकिन्स यांनी ते केंद्र बंद केलं.

वाचून मला आधी रागच आला. मग टस्कीगी आठवलं. अलाबामातल्या या गावी १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता नुसतं निरखलं. पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. हे उघडकीला येऊन जेमतेम सोळा वर्षं झाली होती. सरकारच्या हातची सुई संशयाने पाहिली, तर नवल काय?

न्यू हेवनमधल्या अभ्यासात सुयांच्या अदलाबदलीने नव्या लागणी घटतात असं दिसलं आणि १९९२मध्ये डिंकिन्स यांनीही मत बदललं. दिल्लीसारखं वॉशिंग्टन मात्र हललं नाही. केंद्राच्या पैशावर १९८८पासून बंदी होती. १९९८मध्ये क्लिंटन सरकारने उपाय गुणकारी असल्याचं मान्य केलं, पण पैसा दिला नाही. २०१५च्या अखेरीस बंदी सैल झाली, तीही सुयांची खरेदी वगळून! मधल्या वर्षांत किती जीव गेले असतील?

असो. मागच्या बाकावरचा मुलगा ऐकत नसे, तेव्हा मी त्यालाच दोष द्यायचो. आधी त्याला कोणी फसवलं होतं का, हे विचारायचं राहूनच गेलं.