दिसायला थ्री-नॉट-थ्री, आत फक्त छर्रा! जुन्या लष्करी रायफलींसारख्या एअरगन म्हणजे नेमकं काय?

लांब लाकडी दस्ता, जाड लोखंडी नळी, खांद्याला अडकवायचा चामडी पट्टा. मोबाईलवर असा व्हिडिओ आला की पोलीस ठाण्यातली जुनी थ्री-नॉट-थ्री डोळ्यांसमोर येते. पण यातल्या कित्येक बंदुका दारूच्या काडतुसावर चालत नाहीत. त्या निघतात छऱ्याच्या बंदुका, म्हणजे एअरगन. फक्त बाहेरचा पेहराव महायुद्धातला.

आधी मूळ रायफल समजून घेऊ. बोल्ट-अ‍ॅक्शन म्हणजे कडीसारखा खटका. तो वर उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा आणि खाली पाडायचा. तेवढ्यात रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत जातं. दर गोळीला हीच कसरत. ब्रिटिशांची ली-एनफिल्ड, जर्मनांची माऊझर आणि रशियनांची मोसिन-नागांत ही यातली तीन मोठी नावं. ली-एनफिल्डच्या नळीचं माप .३०३ इंच, म्हणून आपल्याकडे ती थ्री-नॉट-थ्री झाली. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातही ती बनायची. स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षं ती पोलिसांच्या खांद्यावर राहिली. २००८ च्या हल्ल्यावेळी मुंबईत सीएसटीवर काही पोलिसांच्या हातात हीच होती.

अशा रायफलींच्या चेहऱ्याची एअरगन काढायची कल्पना नवी नाही. जर्मनीत सूल गावच्या हेनेल कंपनीने १९३० च्या दशकात 'मॉडेल ३३' काढलं. ते बनवलं ह्यूगो श्मायसर यांनी, हेच पुढे लष्करी बंदुकांसाठी नावाजले. माऊझरसारखा खटका ओढला की आतली स्प्रिंग दाबली जायची आणि शिशाची गोळी नळीत यायची. पोरांच्या हाताला सैनिकी सवय लागावी, काडतुसाचा खर्चही वाचावा, असा दुहेरी हिशोब. त्या काळच्या जर्मनीत तो कशासाठी होता, हे वेगळं सांगायला नको.

आजच्या बंदुका मात्र हौशी लोकांसाठी आणि संग्राहकांसाठी असतात. राष्टाट गावात १८९० साली सुरू झालेल्या डायना या जर्मन कंपनीची 'माऊझर के-९८' त्यात प्रसिद्ध आहे. वजन चार किलोच्या वर, दस्ता खऱ्या लाकडाचा. पण छर्रा भरताना खरी गंमत कळते. इथे ताण खटक्याने येत नाही, नळीखालचा दांडा खाली ओढावा लागतो. स्प्रिंग एवढी जड की दांडा निसटला तर बोटं सापडतात. दुसरा प्रकार कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या सिलिंडरवर चालतो. ग्लेचरची आखूड मोसिन-नागांत त्यातलीच. तिचा खटका खऱ्यासारखा चालतो, मात्र नळीतून ४.५ मिलिमीटरचे पोलादी मणी सुटतात. पोलादी मणी दगडावर किंवा पत्र्यावर आपटून उलटा येतो, तेव्हा चष्म्याशिवाय हातातसुद्धा घेऊ नये.

ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. थ्री-नॉट-थ्रीची गोळी सुमारे ३,००० ज्यूल ऊर्जेने सुटते. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २८० मीटर वेगाने सुटला तरी भरतात जेमतेम २० ज्यूल. म्हणून तिला खेळणं समजायचं का? मुळीच नाही. याच्या निम्म्या ताकदीचा छर्राही डोळा कायमचा घालवतो, आणि जवळून बसला तर कातडी फोडून आत जातो.

हा २० ज्यूलचा आकडा कायद्यातही आहे. शस्त्र नियम २०१६ नुसार नळीचं माप .१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तरच परवाना लागत नाही. दोन्हीपैकी एक जरी ओलांडलं तरी परवाना लागतो. बंदूक नवी दिसते की जुनी, लाकडी की प्लास्टिकची, याला काही अर्थ नाही. जर्मनीत ही मर्यादा ७.५ ज्यूल आहे, ब्रिटनमध्ये रायफलीसाठी १६ च्या आसपास. एकच मॉडेल वेगवेगळ्या देशांत कमी-जास्त ताकदीत विकलं जातं ते याचमुळे. तिकडचा व्हिडिओ बघून इकडे ऑर्डर टाकणाऱ्याची फसगत इथेच होते. त्यातून एअरगनच्या आयातीवर निर्बंध आहेत, पार्सल कस्टममध्ये अडकू शकतं.

परवाना लागत नाही म्हणजे काहीही करायची मोकळीक, असं नाही. ससा, तितर, मोर यांच्यावर छर्रा मारला तरी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार ती शिकारच. पिकात शिरलेल्या वानरांवर एअरगन चालवणारे बरेच आहेत. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, रात्र-रात्र जागून राखण करणाऱ्यालाच ते कळतं. पण छऱ्याने जनावर मरत नाही, जखमी होऊन कुठेतरी कुजत पडतं, आणि गुन्हा दाखल होतो तो शेतकऱ्यावर. त्यापेक्षा पंचनामा करून वन विभागाकडे भरपाईचा अर्ज केलेला बरा.

दिसण्याचा धोका वेगळाच. दहा पावलांवरून ही बंदूक खरी की छऱ्याची, हे पोलिसालाही ओळखता येत नाही. वरातीत मिरवली, भांडणात रोखली किंवा रीलमध्ये दाखवली, तर समोरचा ती खरी समजूनच वागणार. नकली बंदूक कापून-जोडून खरी करायचा प्रयत्न तर शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ६ खाली सरळ गुन्हा आहे. गावातल्या लेथवर असलं काम घेऊ नये, देऊही नये.

घरात आधीची एअरगन असेल तर नळीवर कोरलेलं माप बघा. .१७७ किंवा ४.५ असेल तर ऊर्जेचा आकडा विक्रेत्याकडून किंवा माहितीपत्रकातून तपासा. .२२ किंवा ५.५ असेल तर ती परवान्याच्या यादीत येते. अशा वेळी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत चौकशी करायची, जाताना बंदूक सोबत न्यायची नाही. मापाचा आणि कंपनीच्या नावाचा फोटो पुरतो.