स्वप्नांच्या वाटेवरचा नाटककार
देवनहळ्ळी येथे १७५० मध्ये टिपू सुलतान जन्मला. त्याने गुप्तपणे टिपून ठेवलेल्या स्वप्नांवर गिरीश कार्नाडांनी १९९७ मध्ये बीबीसीसाठी नभोनाट्य रचले. इतिहासाआडचे एकाकी मन शोधण्याची ही ओढ त्यांच्या उमेदवारीच्या काळापासूनची. माथेरानला १९३८ मध्ये जन्मलेल्या, घरी कोकणी बोलणाऱ्या कार्नाडांवर शिरसीतील यक्षगानाचे व नाटकमंडळ्यांचे संस्कार झाले. आकांक्षा इंग्रजी कवी होण्याची होती. ऑक्सफर्डला निघण्याच्या सुमारास लेखणीतून उतरले ते मात्र कन्नड नाटक, ‘ययाति’ (१९६१). भाषा त्यांनी विचारपूर्वक निवडली, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पित्याला तारुण्य देणाऱ्या पुरूच्या व्यथेत आपल्यावरील घरच्या अपेक्षांचे ओझेच बोलत होते, हेही त्यांना मागाहून उमगले. ‘तुघलक’मध्ये (१९६४) पुराणाची जागा इतिहासाने घेतली. विजय तेंडुलकरांनी ते मराठीत आणले. ध्येयवादी सुलतानाच्या ऱ्हासात अनेकांना नेहरूयुगाचा भ्रमनिरास दिसला.