मातीत लोह, पानावर केवडा



अमेरिकेतील ॲरिझोना हा वाळवंटी मुलूख. तिथली माती पुष्कळ ठिकाणी तांबूस, म्हणजे लोहानेच रंगलेली. अशा मातीत कोणी हौसेने परसात लिंबू-संत्र्याचे झाड लावतो, भरपूर पाणी देतो, आणि एक दिवस पाहतो तो नवी पालवी पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. आपल्याकडे ऊस किंवा भुईमूग असा पिवळा पडला की आपण म्हणतो, केवडा पडला. रोग एकच. झाडाला लोह मिळत नाही. कणगी भरलेली, पण कुलपाची किल्ली हरवलेली, अशी ही गत. ती किल्ली माणसाला कशी सापडली, त्याची हकिगत ऐकण्यासारखी आहे.

सुरुवात झाली फ्रान्समध्ये. १८४३-४४ च्या सुमारास एझेब ग्री नावाच्या रसायनाच्या अभ्यासकाने पिवळ्या पडलेल्या झाडांना लोहाच्या क्षाराचे पाणी दिले. मुळांना दिले, पानांनाही लावले. पानावर जिथे पाणी लागले, तिथे हिरवा रंग परत आला. पानाच्या हिरवेपणाला लोह लागते, हे असे उघड झाले. पुढे १८६० मध्ये जर्मनीच्या युलिउस झाक्स यांनी मातीवाचून, नुसत्या क्षारांच्या पाण्यात रोपे वाढवून तीच गोष्ट पक्की केली.

आता वाटेल, प्रश्न सुटला. पण तसे झाले नाही. १८६० नंतरच्या वर्षांत फायलोक्झेरा नावाची मुळांवरची बारीक कीड फ्रान्समध्ये शिरली आणि द्राक्षबागा वाळू लागल्या. अमेरिकन द्राक्षाच्या मुळांना ही कीड सोसते, म्हणून त्या खुंटांवर फ्रेंच वाणांची कलमे बांधली. कीड हटली, पण कोन्याककडच्या चुनखडीच्या रानात हीच कलमे केवड्याने पिवळी पडली. एका संकटातून सुटलेला बागाईतदार दुसऱ्यात सापडला. सांगा, त्याने काय करावे?

१८८७ मध्ये फ्रान्स सरकारने पिएर व्हियाला यांना अमेरिकेत धाडले. टेक्सासमधले द्राक्षांचे जाणकार टी. व्ही. मन्सन यांनी त्यांना वाट दाखवली : तुमच्या मातीसारखी माती जिथे आहे, तिथल्या रानवेली पाहा. टेक्सासच्या चुनखडीच्या टेकड्यांवर बर्लांदिएरी जातीची रानद्राक्षे हिरवीगार उभी होती. या वेलीची काडी सहजी मूळ धरत नाही. म्हणून तिचा इतर जातींशी संकर करून नवे खुंट तयार केले, आणि बागा उभ्या राहिल्या. १८८८ मध्ये फ्रान्सने मन्सन यांचा सन्मान केला. आज आपल्या महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांत डॉगरीज हा खुंट वापरतात, त्याचे मूळही टेक्सासचेच. मात्र तो आपल्याकडे आला मुख्यतः क्षार आणि पाण्याची टंचाई सोसतो म्हणून.

आता कुलूप कसले ते पाहू. मातीत चुना असला की तिचा सामू आठाच्या घरात जातो. तिथे लोह गंजाच्या रूपात बसते आणि पाण्यात विरघळत नाही. न विरघळलेले लोह मुळाने ओढावे कसे? म्हणूनच झाडाबुडी गंजके खिळे पुरण्यात फारसा अर्थ नाही. चुनखडीच्या मातीत नुसती हिराकस टाकली तर तिचाही थोड्याच दिवसांत गंज होतो.

यावर तोड निघाली १९५० नंतर. फ्लोरिडातील स्टुअर्ट आणि लेनर्ड यांनी १९५२ मध्ये चिलेटचा उपाय मांडला. खेकड्याने नांगीत भक्ष्य धरावे, तसा एक सेंद्रिय रेणू लोहाला धरून ठेवतो आणि मुळापर्यंत पोचवतो. पहिले चिलेट ईडीटीएचे. फ्लोरिडाच्या आंबट वाळूत ते लिंबूवर्गीय झाडांना मानवले. चुनखडीत मात्र त्याची पकड सुटते, लोहाची जागा कॅल्शियम घेते. त्याच दशकात ईडीडीएचए हे घट्ट पकडीचे चिलेट आले. वाळवंटी मातीत आज जमिनीतून द्यायला तेच भरवशाचे. महाग आहे, पण काम करते.

तेव्हा औषध आणण्यापूर्वी झाड नीट पाहा. आधी जुनी पाने पिवळी पडली, तर बहुधा नत्र कमी आहे. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोहाचा संशय घ्या. मग पाणी तपासा. चुनखडीची जमीन सदा ओली राहिली की केवडा वाढतो. पाण्याला ताण द्या, हिराकस शेणखतात मुरवून मुळाशी घाला आणि लावणीच्या वेळीच मातीला सोसणारी जात किंवा खुंट निवडा.

गुरुजी, आपल्यासाठी एक सोपा प्रयोग. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवा. केवडा पडलेल्या रोपाच्या एका कोवळ्या पानाच्या अर्ध्या भागाला ते ताजे पाणी संध्याकाळी कुंचल्याने लावा. अर्धा भाग तसाच ठेवा. आठवडाभर मुलांना रोज पाहू द्या. लावलेला भाग हिरवा होऊ लागला, तर रोग लोहाचाच. ग्रींनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी जे पाहिले, ते मुले शाळेच्या बागेत स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील.