बिघाडाचा दाखला

छायाचित्रणाच्या इतिहासात यंत्रांची आणि भिंगांची वंशावळ सविस्तर सापडते. परंतु चित्र बिघडले हे टिपणाऱ्याला केव्हा आणि कशावरून उमगत असे, याचा इतिहास मला अधिक उद्बोधक वाटतो.

1851 साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने कलोडियनच्या ओल्या काचेची कृती प्रसिद्ध केली आणि 1854 साली मुंबईत छायाचित्रकारांची सोसायटी स्थापन झाली. त्या काळी काचेवर कलोडियन ओतून, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात बुडवून, ओली असतानाच चित्र टिपावे लागे, आणि ती सुकण्यापूर्वी, म्हणजे जेमतेम दहा-पंधरा मिनिटांत, अंधाऱ्या तंबूत शिरून चित्र उठवावे लागे. कलोडियनमधील ईथर उष्ण हवेत भराभर उडून जात असल्याने आपल्याकडे ही मुदत आणखी आखूड होई. या जाचक पद्धतीत गुण एकच, पण मोठा होता: दोष जागच्या जागी उघडा पडे. काच सर्वत्र काळवंडली तर उजेड शिरला किंवा द्राव नासला, कडांना डाग उमटले तर काच सुकली, टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसली तर धूळ बसली, असे निदान करून समोरचा आसामी खुर्चीवरून उठण्यापूर्वी दुसरी काच सिद्ध करता येई.

1871 मध्ये मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेचा मार्ग दाखविला आणि 1888 मध्ये ईस्टमनचा शंभर चित्रांचा कोडॅक आला. तो भरला की यंत्रासकट रॉचेस्टरच्या कारखान्यात रवाना करायचा! सोय झाली खरी. परंतु चूक कळेपर्यंत प्रसंग सरलेला आणि कारण विस्मृतीत गेलेले असे.

1975 मध्ये ईस्टमनच्याच कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसनने डिजिटल कॅमेरा घडविला. त्याला एक चित्र कॅसेटवर नोंदवायला 23 सेकंद लागत, पण ते लगेच पडद्यावर पाहता येई.

आज तर बिघाडाचा दाखला यंत्रच देते. एखाद्या संकेतस्थळाने कॅमेरा मागितला आणि तो मिळाला नाही, तर ब्राउझर नकाराचे कारणही कळवितो: ‘नॉट अलाउड’ म्हणजे परवानगी नामंजूर, ‘नॉट फाउंड’ म्हणजे कॅमेराच नाही, ‘नॉट रीडेबल’ म्हणजे कॅमेरा आहे, परवानगीही आहे, पण यंत्र हाती येत नाही. इतका स्पष्ट शेरा हाती असताना ‘काहीतरी चुकले’ एवढेच छापून मोकळे होणाऱ्या प्रोग्रामरची मला कीव येते. तिसऱ्या प्रकारात तर मोबाइलवर पुष्कळदा कॅमेरा अडवून बसलेला इसम परका नसतोच. मागच्या कॅमेऱ्याकडे वळताना पुढच्याचा प्रवाह बंद करायचे त्या प्रोग्रामरकडूनच राहून गेलेले असते.