अन्नवस्त्राची खोली

निपाणीजवळ आमच्या मळ्यात एक जुनं घर आहे. सोपा, माजघर, मागं स्वयंपाकघर. बाजूला गोठा, तंबाखूची वखार, गुऱ्हाळाचं पडकं चुलवाण, मोटेची विहीर. आणि विहिरीच्या वाटेवर, कुणाच्या अध्यात ना मध्यात, एक एकटी खोली.

2019 च्या ऑगस्टात आमच्या भागात पाऊस किती झाला ते सगळ्यांना आठवत असेल. वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा सगळ्या फुगल्या. आमचा मळा उंचावर असल्यानं पुराचं पाणी आलं नाही, पण झडीनं गोठ्याची भिंत बसली आणि सोप्याच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. दादाचा फोन आला. म्हणाला, "पाडून टाकू या बाई. काय ठेवलंय त्यात? चार खोल्या आरसीसीच्या बांधू, मोकळं होऊ."

मी काय बोलणार? वडील 1998 मध्ये गेले, तेव्हा आम्ही बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या होत्या. आपल्यात बहुतेक मुली करतात. सही केली की माहेर राहतं, नाही केली की शेत राहतं आणि माहेर जातं, असं आईनंच सांगितलं होतं. त्यामुळं घर पाडायचं की ठेवायचं हे ठरवण्याचा मला कागदोपत्री काही अधिकार नव्हता. तरी म्हटलं, "पाडायच्या आधी एकदा बघू तरी दे." दादानं बघू दिलं. त्या बघण्यात दोन उन्हाळे गेले, आणि घर उभं राहिलं.

आधी एक जुना गवंडी शोधला. त्यानं भेगेत बोट घातलं, माती चोळून पाहिली आणि म्हणाला, "भिंतीला रोग न्हाई, कातडीला हाय." काकांनी 1985 च्या सुमारास तंबाखूचे पैसे आले म्हणून सगळ्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. त्या काळी ती प्रतिष्ठा होती. पण आमच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, दीड हात जाडीच्या. अशी भिंत जोत्यातून ओल वर ओढते आणि अंगावाटे सोडते. वरून सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, माती आतून भुसभुशीत होते, मीठ फुटतं, आणि एके दिवशी गिलावा मातीला घेऊनच खाली येतो. आम्ही सगळं सिमेंट खरवडून काढलं. माती, भुसा आणि शेण कुजवून पुन्हा मातीचाच गिलावा केला, वर चुना दिला. जोत्याच्या दगडी सांध्यांत गूळपाणी आणि हिरड्याचं पाणी घालून मळलेला चुना भरला. पुढच्या पावसाळ्यात भिंती कोरड्या राहिल्या.

कौलांच्या खाली दुसरा प्रश्न निघाला, वाळवी. दोन खांब आणि एक तुळई पोखरलेली. सुतार म्हणाला, भोकं पाडून औषध मारू, एका दिवसाचं काम. दादा मुनीमहाराजांकडं नियम घेतलेला माणूस, तो गप्पच झाला. घर वाचवायचं म्हणून लाखो जीव मारायचे का, आणि नाही मारायचे तर घर वाचवायचं कसं? खरं सांगायचं तर शेतात आपण किती फवारण्या करतो ते मला माहीत आहे, त्यामुळं मी उपदेश केला नाही. पण म्हातारा गवंडीच पुढं म्हणाला की वाळवीला लाकूड नको असतं, ओलं लाकूड हवं असतं. ओल तोडा, ती आपली वाट बदलते. मग पोखरलेली लाकडं बाहेर काढून झाडाखाली नेऊन ठेवली. खांब दगडी तळखड्यावर वीतभर उचलून घेतले आणि खानापूरकडून काजूच्या टरफलाचं तेल आणून लाकडाला दोन हात दिले. आपला धर्म आणि आपलं घर एकमेकांना सोडून नव्हतं, एवढं त्यातून मला कळलं.

कडीपाटाच्या फळ्या उतरवताना एक वेळूची नळी हाती आली. दोन्ही तोंडांना मेण. आत मोडीतले कागद. आमच्या पिढीत मोडी कुणाला येत नाही. माझ्या आजोबांना यायची, वडिलांना थोडी, आम्हाला शून्य. त्यात 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि पुढं शेताचे उतारे कन्नडमध्ये आले. म्हणजे एकाच जमिनीचे कागद आजोबांचे मोडीत, वडिलांचे बाळबोधीत, दादाचे कन्नडमध्ये. तीन पिढ्या, तीन लिप्या. आपल्या सीमाभागात घराघरात हीच गत आहे. आपलीच जमीन आपल्याला वाचता येत नाही.

बेळगावात एका निवृत्त गुरुजींनी ते कागद वाचून दिले. दोन सावकारी पावत्या होत्या, एक बैलांच्या खरेदीचा. चौथा शके 1850 चा, म्हणजे 1928 च्या सुमारासचा. पणजोबांनी आपल्या मयत धाकट्या भावाच्या बायकोला लिहून दिलेला. तिला अन्नवस्त्र म्हणून वर्षाला जोंधळ्याची ठरावीक पोती, दोन लुगडी, दिव्याला तेल, आणि विहिरीच्या वाटेवरची खोली हयातीपर्यंत राहण्यास.

मी गुरुजींना तो कागद पुन्हा वाचायला लावला. कारण ती बाई मी पाहिली होती. आम्ही तिला बारकी अव्वा म्हणायचो. 1971 मध्ये ती गेली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. पांढरं लुगडं, हातात पाणी गाळायचं दुहेरी फडकं. गाळून झालं की फडक्यावरचे जीव ती ओतून द्यायची नाही. कडी लावलेल्या छोट्या बादलीतून विहिरीत अलगद खाली सोडायची, ज्या पाण्यातले त्या पाण्यात. सूर्य बुडायच्या आत तिची चूल विझलेली असे. ती त्या खोलीत का राहते हे आम्हा मुलांना कधी विचारावंसं वाटलं नाही. म्हाताऱ्या बायका अशाच कुठंतरी राहतात, असं वाटायचं.

लिहून दिलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

त्या काळी एकत्र कुटुंबातल्या विधवेला अन्नवस्त्र मागता यायचं, वाटणी नाही. गंमत अशी की 1926 सालीच बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी 'द जैन लॉ' हा इंग्रजी ग्रंथ काढला आणि जुन्या जैन ग्रंथांच्या आधारे दाखवलं की आपल्या परंपरेत विधवेचा हक्क बराच मोठा आहे. पण न्यायालयं जैनांना हिंदू कायदाच लावत, वेगळी रूढी असेल तर ती ज्यानं त्यानं सिद्ध करायची. निपाणीच्या मळ्यातली एकोणीस वर्षांची मुलगी ती कुठं सिद्ध करणार? मुंबईत मगनबाईंनी 1909 मध्ये श्राविकाश्रम काढला होता. स्वतः तरुणपणी विधवा झालेल्या मगनबाईंनी अशाच मुलींना शिकवून उभं केलं. आमच्या अव्वाला मात्र कुणी पाठवलं नाही. घरात कामाला हात हवे होते.

पुढं 1937 चा कायदा आला, त्यानं विधवेला नवऱ्याच्या वाट्यात हयातीपुरता हक्क दिला. पण तो आधी मेलेल्या नवऱ्यांच्या बायकांना नव्हता, अव्वा तिथंही हुकली. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं, जो जैनांनाही लागू आहे, बाईच्या ताब्यातली मर्यादित हक्काची मिळकत तिच्या पूर्ण मालकीची केली. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की अन्नवस्त्रापोटी दिलेली मिळकतही त्यात येते, कारण अन्नवस्त्र ही मेहेरबानी नसून तिचा आधीपासूनचा हक्क आहे. माझी वकील भाची कागद बघून म्हणाली, "मावशी, भांडली असती तर ती खोली तिच्या नावावर झाली असती." पण कागद कडीपाटात, मेण लावून. तिला वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांनी वाचून दाखवला नाही.

मी फार भारावून वहिनीला म्हटलं, "ही खोली आपण जशीच्या तशी ठेवायची." वहिनीनं हातातलं सूप खाली ठेवलं. "वन्सं, तुमाला ती अव्वाची खोली. मला म्हाईत हाय ती बाजूला बसायची खोली. 1978 ला मी लगीन होऊन आले. दर म्हयन्याला चार दिवस तितं. एका पावसात कौलं गळत व्हती, मी तापानं फणफणले व्हते, ताट दारात सरकवून सगळी जायची. पाडायची तर आदी ती पाडा."

मला उत्तर सुचलं नाही. मी लग्न होऊन बेळगावला गेले, त्या खोलीत मी माहेरच्या काळात काय ते दोन-तीन वर्षं बसले असेन, तेही आईजवळ. वहिनीनं तिथं अठरा वर्षं काढली. एकाच खोलीत एका बाईला आसरा म्हणून ठेवलं आणि नंतर तीच जागा दुसऱ्यांना दूर ठेवायला वापरली. दोन्ही खरंच होतं. मग मी म्हटलं, "काय करायचं ते तुम्ही सांगा, वहिनी."

तिनं चार दिवस घेतले. मग गवंड्यालाच सांगितलं, मला नाही. वाकून शिरावं लागायचं ते दार ताठ मानेनं शिरता येईल एवढं उंच कर. स्वयंपाकघराकडच्या भिंतीला खिडकी पाड, आतलं बाहेरून दिसू दे. कौलं बदल, लाइट घाल. आणि दादाला सांगितलं, "आमच्या सुनेला कुणी तितं बस म्हणायचं न्हाई." भिंती राहिल्या, चूल राहिली, विहिरीकडची पायवाट राहिली.

बाकीचं थोडक्यात सांगते. गोठ्याची भिंत पुन्हा उभी केली, दोन म्हशी आहेत. तंबाखूच्या वखारीत आता सोयाबीन आणि हरभरा असतो. निपाणीत 1981 मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसले, गोळीबार झाला, माणसं गेली, त्या साली ही वखार भरलेली होती आणि भाव मिळत नव्हता. चुलवाण पडकंच ठेवलं, सगळंच नवं करायचं नसतं.

मागच्या दिवाळीत सगळे मळ्यात जमलो. दादानं मोडी कागदाची प्रत सोप्यात लावली आहे, खाली बाळबोध मजकूर. त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय. आमचे एक नातेवाईक जेवता जेवता म्हणाले, "लग्नाआधी पोरीची हक्कसोड करून घे, म्हंजे कटकट न्हाई." दादा बराच वेळ भिंतीकडं बघत होता. मग म्हणाला, "तिला आधी वाचून बघू दे. तिच्या वकिलाला दाखवू दे. मग ती काय म्हणंल ते."

वहिनीनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. सूर्य बुडायला अर्धा तास होता.

मैत्रिणींनो, कडीपाटाच्या फळ्या काढाल तेव्हा वेळूच्या नळ्या फेकू नका. आणि सही करायच्या आधी कागद वाचा. मी केली ती प्रेमानं केली, त्याचं मला दुःख नाही. न वाचता केली, याचं आहे.