नमुन्याची सनद

बिनतारी इयरफोन विकत घ्यायला गेलेला मनुष्य किंमत, रंग आणि फार तर बॅटरी किती तास टिकते एवढे विचारून मोकळा होतो. त्या बोटाच्या पेराएवढ्या वस्तूच्या पोटात रेडिओलहरी सोडणारा एक प्रेषक दडलेला आहे, आणि तो बाजारात येण्यापूर्वी त्याच्या जातीच्या एका नमुन्याची सरकारदरबारी रुजवात झालेली असावी लागते, ही गोष्ट त्याच्या ध्यानीमनीही नसते. ज्या देशात नुसता ऐकण्याचा रेडिओ घरात बाळगायचा तरी दरसाल परवाना काढावा लागे, त्या देशात ही निश्चिंतता कोणत्या वाटेने आली, तो इतिहास परवान्यांच्या इतर कोणत्याही इतिहासाइतकाच रुक्ष असेल असे मलाही प्रथम वाटले होते.

या हकीकतीचे मूळ 1885 च्या तारायंत्रविषयक कायद्यात आहे. तार उभारणे, चालवणे आणि राखणे हा सर्वस्वी सरकारचा इजारा, असे त्या कायद्याच्या चौथ्या कलमाने ठरवून टाकले. हर्ट्झने विद्युच्चुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध करण्याला तेव्हा आणखी दोन-तीन वर्षांचा अवकाश होता. तरीही पुढे बिनतारी विद्या अवतरली तेव्हा तिलाही याच तारेच्या कायद्याने बांधण्यात आले. जिला तारच नाही तिचा कारभार तारेच्या कायद्याने चालावा, हा विनोद आपल्या राज्यकारभाराने शंभर वर्षांहून अधिक काळ गंभीर चेहऱ्याने सांभाळला.

23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. ते चालवणाऱ्या इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचा सारा भरवसा श्रोत्यांकडून येणाऱ्या वार्षिक दहा रुपयांवर होता, कारण त्यातले ऐंशी टक्के तिच्या पदरात पडायचे होते. पण ऐकणारे वाढले तरी भरणारे वाढले नाहीत. 1930 मध्ये कंपनीने दिवाळे काढले आणि तो संसार सरकारच्या गळ्यात आला. आता वसुलीची चिंता सरकारला लागली, आणि जुना कायदा यंत्र चालवण्याला हात घालत असला तरी ते नुसते घरात ठेवण्याला हात घालत नाही, ही फट डोळ्यांत सलू लागली. तिच्यातून 1933 चा बिनतारी यंत्रांचा कायदा निपजला, ज्याने परवान्याशिवाय असे यंत्र ताब्यात असणे हाच गुन्हा केला. पहिल्या खेपेस दंड शंभर रुपयांपर्यंत, पुढच्या खेपेस अडीचशेपर्यंत. राज्याच्या सुरक्षिततेची भाषा या कायद्याला मागाहून चिकटली. जन्माच्या वेळी त्याच्या पाळण्याची दोरी खजिनदाराच्याच हाती होती, असे माझे मत आहे.

मागाहून का होईना, ती भाषा आली ती मात्र फार मोठ्याने आली. 1942 च्या ऑगस्टात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 42.34 मीटर लहरलांबीवर काँग्रेस रेडिओ सुरू केला, पोलिसांना चुकवण्यासाठी प्रक्षेपक एका घरातून दुसऱ्या घरात हलवीत नेला, आणि 12 नोव्हेंबरच्या रात्री गिरगावच्या पारेखवाडीत धाड पडली तेव्हाही प्रक्षेपण चालूच होते. उषाबाईंना चार वर्षांची सक्तमजुरी झाली. आश्चर्य असे, की ज्यांनी हा अनुभव दुसऱ्या बाजूने घेतला होता त्या स्वतंत्र भारताच्या राज्यकर्त्यांनीच 1949 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून विनापरवाना प्रक्षेपक बाळगणाऱ्यास तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. तथापि या दुरुस्तीने ऐकणारे यंत्र आणि बोलणारे यंत्र यांत जो फरक केला, तो मार्मिक होता.

ऐकणाऱ्याचा परवाना पोस्टात मिळे. बँकेच्या पासबुकासारखे ते लहानसे पुस्तक. आत मालकाचे नाव, पत्ता आणि संचाची कंपनी, आणि पुढच्या पानांवर वर्षावर्षाची तिकिटे, ज्यांवर पोस्टाचा गोल शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा कागदावर उमटलेला. मुदत टळली की अधिभार. ट्रान्झिस्टर घरोघर आणि रानोमाळ पोहोचल्यावर मात्र ही वसुली गाळणीने पाणी भरण्यासारखी झाली, आणि 1980 नंतरच्या दशकात ती अखेर बंद पडली.

दरम्यान, 1952 मध्ये दिल्लीस बिनतारी नियोजन व समन्वयाचे दफ्तर स्थापन झाले होते. कोणती कंप्रता कोणी वापरावी हे ठरवणाऱ्या या दफ्तराकडे पुढे बोलणाऱ्या यंत्रांच्या जातीला मान्यता देण्याचे काम आले, आणि येथे परवान्याच्या कल्पनेतच पालट झाला. आपल्या बाजारपेठांत दुकानदाराच्या वजनामापांवर सरकारी ठसा असतो. पण तो प्रत्येक मापावर, निरीक्षकाने स्वतः पाहून उमटवलेला. यंत्राच्या बाबतीत एकच नमुना प्रयोगशाळेत जातो, तो नेमून दिलेल्या पट्ट्यातच बोलतो काय, शक्तीची मर्यादा सांभाळतो काय, शेजारच्या पट्ट्यात खरकटे सांडतो काय, हे मोजले जाते, आणि त्याच्या अहवालावर त्याच घडणीच्या लाखो भावंडांना दस्तक मिळते. परवाना माणसाकडून सुटून घडणीकडे गेला.

ही मान्यता घरगुती वस्तूंपर्यंत पोहोचली ती 28 जानेवारी 2005 च्या अधिसूचनेने, जिने 2.4 ते 2.4835 गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मुक्त केला. मुक्ती दिली तीही सरकारी हाताने, म्हणजे अटी घालून: किरणित शक्ती चार वॅटपर्यंत, आणि अँटेना अधिकृत इमारतीच्या गच्चीपासून पाच मीटरच्या आत. अनधिकृत मजल्यांच्या या देशात ‘अधिकृत’ हा शब्द लिहिताना त्या अधिकाऱ्याच्या मनात काय आले असेल, कोण जाणे. त्याच वर्षी 865 ते 867 मेगाहर्ट्झचा चिंचोळा पट्टाही मोकळा झाला. आज द्रुतगती मार्गाच्या नाक्यावर काचेवरच्या फास्टॅगला जी हाक जाते, ती याच पट्ट्यातून.

अर्जदाराची दमछाक मात्र संपली नाही. मान्यता घडणीला असल्याने रेडिओचा भाग बदलला की प्रकरण नव्याने सुरू. म्हणून भोसरीचा एखादा लहान कारखानदार स्वतः रेडिओ न घडवता तो भाग तयार, तपासलेला विकत घेतो आणि त्याचाच अहवाल अर्जास जोडतो. 2019 पासून मोकळ्या पट्ट्यांतल्या अनेक वस्तूंसाठी स्वयंघोषणा पुरेशी ठरली, हे बरे झाले. पण तिने उत्पादकाचा वेळ जितका वाचवला तितके परक्याच्या रेडिओवरचे अवलंबन कमी केले नाही, हेही म्हटले पाहिजे.

2023 च्या डिसेंबरात संसदेने नवा दूरसंचार कायदा संमत केला आणि 1885 व 1933 या दोहोंच्या निरसनाची तरतूद केली. तेव्हा ज्यांच्या घरी, कपाटाच्या तळाशी, आजोबांच्या नावाचे ते तिकिटे डकवलेले पुस्तक अजून असेल, त्यांनी ते कृपा करून रद्दीत घालू नये.